पावलांआधीची भरती

मापन

त्रिशला मगदूमने दार उघडलं तेव्हा उंदराच्या मेंदूत रक्त आधीच चढलेलं होतं.

हे तिला त्या दिवशी दिसलं नाही. त्या दिवशी तिला एवढंच दिसलं, की आपला आकडा आणि इरफानचा आकडा जुळत नाही.

पुन्हा मापन

इरफान मुजावरने दार उघडलं. तोच उंदीर, तीच खोली, तोच कॅमेरा, खोलीतला गारवाही तोच. आकडा दुसरा.

"मॅडम, तुमच्या हाताला काहीतरी लागलेलं असणार," तो म्हणाला. "सकाळी भडंग खाल्लं काय?"

"तुझ्या हाताला अत्तर लागलंय ते आधी धू."

"शुक्रवार आहे आज. ते राहणार."

दोघांनी हात धुतले. अत्तर गेलं, भडंग गेलं. आकडे आपापल्या जागी राहिले.

कॅमेरा काय करतो

लेसरचा उजेड अंगावर पाडला की तो सलग दिसत नाही. बारीक रवा पसरल्यासारखा दाणेदार दिसतो. आत काहीच हलत नसेल तर ते दाणे जागच्या जागी राहतात. रक्तातल्या लाल पेशी वाहत असतील तर दाणे थरथरतात आणि धूसर होतात. वेग जेवढा जास्त तेवढं चित्र धूसर. कॅमेरा ते धूसरपण मोजतो आणि त्यावरून रक्ताचा वेग सांगतो. सुई नाही, रंग नाही, कापाकापी जवळजवळ नाही.

याआधी असं जमत नव्हतं. प्राणी हलला की चित्र गेलं, म्हणून त्याला भूल द्यायची. पण भूल दिली की रक्ताचा वेगच बदलतो. एका औषधाने वाढतो, दुसऱ्याने पडतो. जे मोजायचं तेच मोजण्याआधी बिघडवून ठेवायचं, असा प्रकार. अल्ट्रासाउंड वापरावा तर हात जरा तिरपा झाला की आकडा पळाला. दोन माणसांनी मोजलं की दोन उत्तरं. उत्तरांचा भरवसा नाही म्हणून उंदीर जास्त घ्यायचे, आणि काम झालं की...

(इथे त्रिशलाची आई नेहमी पदर तोंडाला लावायची.)

नव्या कॅमेऱ्याला जागा प्राणी चालत होता. उंदराच्या डोक्यावर डाळीएवढी काच कायमची बसवलेली. तो फ्लॅनेलच्या पिशवीत बसून मिश्या हलवत राहायचा आणि पडद्यावर त्याच्या मेंदूतलं रक्त वाहताना दिसायचं. लाल नव्हे, निळंपिवळं, पण वाहणारं. एकाच उंदराला महिनोन् महिने मोजता येणार होतं. कुणाला मारायचं कारण उरणार नव्हतं.

अट एकच. पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मोजून होईपर्यंत एकमेकांना आकडे दाखवायचे नाहीत, आणि शेवटी ते जुळले पाहिजेत. मिरजेबाहेर म्हैसाळच्या रस्त्याला असलेल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत हे काम त्रिशलाकडे आणि इरफानकडे आलं होतं. जुळलं, तर हाच कॅमेरा टोपीत बसवून माणसांच्या डोक्यावर जाणार होता. पक्षाघात झालेल्या, बोलणं गेलेल्या माणसांच्या.

त्रिशलाची आई, मालनबाई, सांगलीला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी पडून असायची. तिचं बोलणं गेलेलं होतं.

पुन्हा मापन, आईकडे

"आलीस काय?" पद्माक्काने दार उघडलं. त्रिशलाची थोरली बहीण. हातात भांडं, भांड्यात पेज.

"जय जिनेंद्र, आई," त्रिशला पलंगाजवळ जाऊन म्हणाली.

आई खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती.

"आंघोळ करून आलीयस ना?" अक्काने विचारलं.

"आता तिला कुठं कळतंय अक्का?"

"मला कळतंय. उंदरांतनं आलीस की आधी आंघोळ, हा तिचा नियम. ती बोलत नाही म्हणून नियम बंद झाला होय?"

त्रिशला आंघोळ करून आली. अक्का आईला पेज भरवत होती. चमचा ओठांशी नेला की ओठ उघडत, बस्स.  भरवता भरवता अक्का मोबाइलवर माशांच्या कल्ल्यांची चित्रं बघत होती. माशांवर शिकलेली बाई. आई पडली तेव्हा तिचं शेवटचं वर्ष होतं. ते तेवढ्यावरच थांबलं.

"रत्नागिरीहून परत बोलावणं आलंय," अक्का चमच्याकडे बघत म्हणाली. "मत्स्य संशोधनात. या खेपेला नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत. जयसिंगपूरला एक सेवासदन आहे, बघून आलेय मी. स्वच्छ आहे. बायका मायेनं करतात."

"आणि आई?"

"तेच तर तुला विचारायचंय. डॉक्टर म्हणतात तिला कोण आलं, कोण गेलं काही कळत नाही. मला कधी वाटतं कळतं, कधी वाटतं मीच मनाची समजूत घालतेय." अक्काने आईची हनुवटी पुसली. "कळत नसेल तर मी जाते, त्रिशा. कोणी का भरवेना, पेज ती पेज. कळत असेल तर नाही जात. तेवढं तुझ्या त्या कॅमेऱ्याला विचार."

चूक कुठून येते

काचेवर धूळ असेल, लेसर तापला असेल, पिंजरा खिडकीच्या बाजूचा असेल, उंदीर भुकेला असेल, नुकता खाऊन बसला असेल, पंख्याचा आवाज असेल, बाजूच्या खोलीत फ्रीज सुरू होत असेल. त्रिशला आणि इरफानने एकेक करून सगळं तपासलं. पंखा बंद केला. फ्रीज हलवला. फ्रीज हलवताना इरफानची कंबर धरली आणि तो दोन दिवस वाकून चालला. त्याचा आकडा तरीही तोच आला.

मग त्यांनी दूध आणलं.

दुधात पाणी घालायचं, ते केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून ठरलेल्या वेगाने पंपाने सोडायचं, आणि कॅमेऱ्याने मोजायचं. दुधातले स्निग्धांशाचे कण उजेड तसाच पसरवतात जसा रक्तातल्या पेशी. कॅमेरा खरा की खोटा हे ठरवायला दुधासारखा साक्षीदार नाही. दुधाला मूड नसतो.

त्रिशलाने मोजलं. इरफानने मोजलं. रेघेवर रेघ. दुपारी पुन्हा. रेघेवर रेघ. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेर्लेकरबाईंनीही एकदा मोजलं, तीही रेघ तिथेच.

"कॅमेरा बरोबर आहे," हेर्लेकरबाई म्हणाल्या. "म्हणजे तुमच्यापैकी कोणीतरी चुकतंय."

"किंवा उंदीर," इरफान म्हणाला.

ते त्याने गमतीत म्हटलं होतं.

एकावर एक

इरफानने त्रिशलाच्या सगळ्या मापनांच्या रेघा पारदर्शक कागदांवर छापल्या आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवल्या. बाहेर द्राक्षांच्या बागा होत्या, त्यांचा हिरवा उजेड कागदांतून येत होता.

"बघा हां. या तुमच्या. किती कागद आहेत?"

"पुष्कळ."

"रेघा किती दिसतायत?"

त्रिशला जवळ गेली. एकच रेघ दिसत होती. जरा जाड, एवढंच. हलकेच वर चढणारी, मग एका पायरीवर थांबणारी, मग उतरणारी. रोज तशीच.

शेजारी त्याने स्वतःचे कागद लावले. तिथेही एकच रेघ. पण वेगळी. सुरुवातीलाच उंच, मग सपाट.

"तुम्ही तुमच्याशी जुळता. मी माझ्याशी जुळतो," तो म्हणाला. "आपण दोघं एकमेकांशी जुळत नाही. आता हे बघा, हेर्लेकर मॅडमचे."

तिसऱ्या तावदानावर विस्कटलेल्या केसांसारखं काहीतरी होतं. प्रत्येक रेघ आपल्या वाटेने गेलेली. त्यांची शिखरं मात्र सगळ्यांत उंच.

"त्या उंदरांकडे महिन्यातून एकदाच येतात," त्रिशला म्हणाली.

 बागेत कोणीतरी ट्रॅक्टर सुरू केला.

मग त्रिशलाने एक गोष्ट केली जी नियमात नव्हती. खोलीत कोणी नसताना तिने कॅमेरा सुरू ठेवायला सांगितला आणि पार फाटकाबाहेर गेली. इरफान शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसला. ती परत आली, नेहमीच्या चालीने, व्हरांड्यातून, जिन्याजवळून, वळणावरून.

"मिनिटभरापूर्वी कुठं होतीस?" तो एकेरीवर आला होता; त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"फाटकातून आत आले, बागेच्या बाजूनं, मग जिना..."

"जिन्याजवळ असताना कुणाशी बोललीस? खोकलीस?"

"नाही."

त्याने चित्र मागे नेलं. रिकामी खोली. बंद दार. पिशवीत उंदीर. मेंदूच्या मागच्या कडेला एक फिकट पिवळा ठिपका उमटला, पसरला, आणि शांतपणे, कसलीही घाई न करता भरतीचं पाणी वाळूवर चढावं तसा पुढे पुढे येत गेला. दार अजून बंदच होतं. पडद्याच्या कोपऱ्यात त्रिशलाची जाड रेघ बनत चालली होती, आणि त्रिशला तेव्हा जिन्याजवळ होती.

इरफानने खिशातला रुमाल काढला आणि उगीचच चष्मा पुसला.

"आपल्याला वाटायचं, आपण मोजायला जातो," त्रिशला हळूच म्हणाली. "पण आपलं आत येणं, तेच तर मोजलं जात होतं."

पुन्हा मापन

ते वासाने होतं का? तिने इरफानचा एप्रन घातला. रेघ तिचीच आली. चालीने होतं का? ती अनवाणी आली. रेघ जरा उशिरा उठली, पण तिचीच. मग इरफानने लाजत लाजत सांगितलं, की पिशवीत हात घालण्याआधी ती मास्कच्या आत काहीतरी पुटपुटते.

"मी? काहीच नाही."

"जय जिनेंद्र म्हणता तुम्ही. प्रत्येक उंदराला. आवाज येत नाही, मास्क हलतो फक्त."

खोलीत बोलायचं नाही हा पहिला नियम होता, आणि तो तिनेच लिहिलेला होता. लहानपणापासून दारात शिरताना, माणूस भेटताना जे तोंडातून निघायचं ते इथेही निघत होतं. ती ओशाळली. तिने ओठ मिटून मोजलं. रेघ तिचीच. कुठल्याही एका गोष्टीने ती होत नव्हती. सगळ्या काढून घेतल्या तरी मागे काहीतरी राहत होतं, आणि उंदराला ते पुरत होतं.

नवे उंदीर आणले तेव्हा त्रिशलाच्या रेघासुद्धा हेर्लेकरबाईंसारख्याच विस्कटलेल्या आल्या. उंच, भेदरलेल्या. ती रोज जात राहिली. रेघा हळूहळू खाली आल्या, जवळ आल्या, आणि काही आठवड्यांनी एकावर एक बसल्या.

"याला काय म्हणायचं?" हेर्लेकरबाईंनी विचारलं. "प्रेम म्हणू नका हां, मला अहवाल पुढे पाठवायचाय."

"नाही म्हणणार. प्रेम आहे का धास्ती हे रक्त सांगत नाही. फक्त एवढंच सांगतं, की त्याच्या आत या माणसाची जागा ठरलेली आहे." त्रिशलाने रेघांचे कागद पुढे सरकवले. "शिखर किती उंच ते महत्त्वाचं नाही मॅडम. ते अनोळखी माणसालाही उंच येतं. रेघ दरवेळी तीच येते का, ते महत्त्वाचं."

अहवालात तिने लिहिलं की कॅमेरा भरवशाचा आहे. मोजणारे दोघं आहेत हे गृहीत चुकीचं होतं, तिसरा पिशवीत बसलेला असतो.

अहवाल मान्य झाला. टोपी तयार झाली. पहिल्या रुग्णांमध्ये मालनबाई मगदूम हे नाव होतं. आईचे आकडे मोजणी संपेपर्यंत त्रिशलाने बघायचे नाहीत असं समितीने ठरवलं, आणि ते योग्यच होतं. खोलीत एकदा एक बहीण जाईल, एकदा दुसरी. इरफानकडे फक्त अ आणि ब अशा खुणा जातील. कोण अ आणि कोण ब हे त्याला माहीत नसेल.

गाळलेल्या फ्रेम

इथली काही चित्रं गाळली आहेत. प्राणी हलला.

(प्राणी म्हणजे त्रिशला. इरफानचा फोन आला तेव्हा.)

फोन

"अ चं शिखर मोठं आहे. चांगलंच मोठं."

"बरं."

"पण दरवेळी वेगळं. एकदा इकडे, एकदा तिकडे. पहिल्या रेघेवरून दुसरी सांगता येत नाही."

"आणि ब?"

"ब चं लहान आहे. एवढंसं. नुसतं बघितलं तर काहीच नाही वाटेल." मागे माऊसची टिकटिक ऐकू आली. "मॅडम, मी त्या रेघा एकावर एक ठेवल्या. मला वाटलं एकच फाइल पुन्हा पुन्हा उघडली माझ्याकडनं. बंद केल्या, परत उघडल्या. हॅलो? ऐकताय ना? दूधसुद्धा इतकं जुळलेलं मी बघितलेलं नाही."

त्रिशला कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती. समोर पाणी वाहत होतं, आणि ते कोणीही मोजत नव्हतं.

अ कोण हे तिला माहीत होतं.

सांगणं

अक्का डाळ निवडत होती. आई पलंगावर, तोंड भिंतीकडे.

"काय म्हणाला तुझा कॅमेरा?"

त्रिशलाने वाटेत सगळं ठरवलं होतं. खोटं बोलायचंच नव्हतं. *माझा आकडा मोठा आला, अक्का. तुझा अगदी लहान.* दोन्ही वाक्यं खरी होती. एवढं ऐकलं की अक्का मोकळी. रत्नागिरी, समुद्र, मासे, राहिलेलं आयुष्य.

"माझा आकडा मोठा आला," त्रिशला म्हणाली.

अक्काचा हात ताटात थांबला. मग पुन्हा चालू झाला, जरा जास्तच भराभर. "बरोबर आहे. तू लाडकी. आणि माझा?"

"लहान."

"बरं झालं." अक्काने एक खडा उचलला आणि तो टाकायचा कुठे हे न कळल्यासारखा हातात धरून ठेवला. "बरं झालं, म्हणजे. जायला मोकळी."

ती रडत नव्हती. फक्त तो खडा तसाच होता.

"अक्का, ते अर्धंच सांगितलं मी."

"अर्धं कसलं?"

मग त्रिशलाने सगळं सांगितलं. खिडकीवरचे कागद, हेर्लेकरबाईंच्या विस्कटलेल्या रेघा, बंद दार आणि जिना. तिने अक्काच्या मोबाइलवर दोन्ही चित्रं उघडली. एका चित्रात तिच्या स्वतःच्या रेघा होत्या, वाऱ्याने उडालेल्या दोऱ्यांसारख्या. दुसऱ्यात एकच रेघ.

"ही एक आहे?"

"या सगळ्या आहेत. तू जेवढ्या वेळा खोलीत गेलीस तेवढ्या. आई मला बघून दचकते अक्का, दरवेळी नव्यानं. तुला बघून..." तिने रेघेवर बोट ठेवलं. "तुझ्यासाठी तिच्यात एक वाट पडलीय. रक्त त्याच वाटेनं जातं. मी इतकं नेमकं काही मोजलेलंच नाही. यंत्राचंसुद्धा नाही."

अक्का बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मग उठून आईजवळ गेली. तिने काही केलं नाही, नुसती उभी राहिली, आणि आई भिंतीकडे बघत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला दोघींमध्ये काहीही घडत नव्हतं.

"म्हणजे मी जायचं नाही," अक्का म्हणाली.

"जायचं."

"आत्ताच तर म्हणालीस..."

"तू जायचं. मी इथं येते. सेवासदन नाही. मिरज काही लांब नाही, रोज जाऊन येईन."

"तू?" अक्काला हसू फुटलं, डोळे पुसता पुसता. "तुला धड पेज करता येत नाही. आणि तुझी रेघ बघ की, नुसती उड्या मारतेय!"

"बसेल."

"कशावरून?"

"उंदरांची बसली."

"आईला उंदरांच्या रांगेत बसवतेयस होय गं? ऐकतेय ती, बरं का."

"ऐकू दे," त्रिशला म्हणाली.

पुन्हा मापन. पुन्हा. पुन्हा.

पेज करपली. पेज पातळ झाली. आईने ओठ मिटून घेतले. आईने ओठ उघडले. त्रिशला संध्याकाळी येऊन आधी आंघोळ करायची, मग पलंगाजवळ जाऊन जय जिनेंद्र म्हणायची. अक्का फोनवर ओरडायची, "कुशीवर वळवताना आधी खांदा, मग कंबर!" आणि फोनमध्ये मागे समुद्राचा आवाज यायचा. एका रात्री नव्हे, एका आठवड्यात नव्हे, पण इरफानने पाठवलेल्या चित्रातले उडालेले दोरे जवळ यायला लागले. एकावर एक नाही. शेजारी शेजारी.

"प्रगती आहे," त्याने खाली लिहिलं होतं. "हेर्लेकर मॅडमपेक्षा कितीतरी बऱ्या."

मापन

दिवाळीआधीची एक सकाळ. आईच्या डोक्यावर टोपी होती, ठरलेली फेरतपासणी. इरफान कॉटशेजारी पडदा घेऊन बसला होता. त्रिशला आत येऊन बराच वेळ झाला होता, तिची रेघ चढून उतरून गेली होती. अक्काची एसटी दुपारी पोचणार होती. ती आली की तिचंही मोजायचं होतं.

"थांबा," इरफान म्हणाला.

पडद्यावर आईच्या मेंदूच्या मागच्या कडेला फिकट पिवळं काही उमटलं.

"हललीय का ती?"

"नाही."

ठिपका पसरला. पुढे आला. काही घाई नव्हती. कोपऱ्यात एक लहानशी रेघ उठू लागली, एवढीशी, नुसतं बघितलं तर काहीच वाटणार नाही अशी. इरफानने काही न बोलता त्यावर जुनी रेघ आणून ठेवली, गेल्या उन्हाळ्यातली. रेघ एकच दिसत राहिली.

आई खिडकीकडे बघत होती. जिन्यावर आवाज नव्हता. घड्याळाकडे बघायचं त्रिशलाला सुचलं नाही. ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि दार उघडलं.

जिन्याच्या वळणावरून अक्का वर येत होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपला. रत्नागिरीच्या वाळूत चालून चालून तिला अनवाणी चालायची सवय लागली होती. आधीची गाडी मिळालेली दिसत होती. त्रिशलाला दारात बघून ती मधल्या पायरीवरच थांबली.

"अगं, बेल तरी वाजवू दे. तुला कसं कळलं?"

"मला नाही कळलं," त्रिशला म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.